आकाशकंदील कोणाच्या हातचा?

दिवाळीच्या सुट्टीला आठ-दहा दिवस उरले की ठाण्यातील आणि डोंबिवलीतील खाजगी प्राथमिक शाळांतून पालकांच्या हाती एक सूचना पडते. अलीकडे ती मोबाईलवर येते, एवढाच फरक. अमुक दिवशी ‘आकाशकंदील कार्यशाळा’ आहे, पाल्याबरोबर साहित्याचा संच पाठवावा, संच अमुक दुकानात मिळेल. त्या संचात कागद असतो, पण तो कापलेला असतो. घड्यांच्या रेघा आधीच दाबलेल्या असतात. झिरमिळ्या कातरून, मोजून ठेवलेल्या असतात. चिकटपट्टीचा मागचा कागद सोलणे एवढेच काय ते मुलासाठी शिल्लक ठेवलेले असते. सहा-सात वर्षांचे मूल अर्ध्या तासात चार कोपरे चिकटवते, त्याचे छायाचित्र निघते, ते पालकांना पोचते आणि ‘आपल्या संस्कृतीशी मुलांची ओळख’ या सदरात त्या दिवसाची नोंद होते. ज्या हस्तकलेत हाताला काम नाही आणि कलेला वाव नाही, तिला हस्तकला म्हणण्याचा हा रिवाज आता इतका रूढ झाला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही.

संचाची किंमत किती, हा येथील मुख्य प्रश्न नाही. पण गौण म्हणून सोडून द्यावा इतका क्षुल्लकही नाही. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. ज्या इमारतीच्या फाटकावर बाप रखवालदार आहे, त्याच इमारतीतील मुलांच्या शेजारच्या बाकावर त्याची मुलगी बसते. तिची फी शासन भरते. संच कोण भरणार? ती त्या दिवशी ‘आजारी’ पडते. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांची या जबाबदारीतून सुटका करू पाहिली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ती अधिसूचना रद्द केली. दारातून हाकलणे न्यायालयाने थांबवले. दाराच्या आत जे घडते ते न्यायालयापर्यंत पोचत नाही.

मुख्य प्रश्न वेगळा आहे. तो असा की सणाच्या निमित्ताने मूल काय शिकते? कंदील करायला ते शिकत नाही, हे उघड आहे. ते शिकते ते हे की सण ही विकत आणण्याची वस्तू आहे, आणि जो विकत आणू शकत नाही त्याला सण नाही. बाजाराचा हा पहिला धडा शाळेच्या वेळात, शाळेच्या खर्चाने आणि संस्कृतीच्या नावाने दिला जातो. पेढीवरच्या शेटजींनाही जाहिरातीसाठी याहून स्वस्त जागा मिळाली नसती.

या परिसरातील मुलांच्या हाती एक कला मात्र बरीच वर्षे बाजाराविना टिकून होती. दिवाळीचा किल्ला. तो शिकवायला कार्यशाळा लागत नव्हती. सहामाही परीक्षा संपली की सोसायटीच्या, चाळीच्या आवारात मुले जमत, कोठे तरी चाललेल्या खोदकामातून माती आणत, विटांचे तुकडे आणि दगड रचून त्यांवर ओले गोणपाट टाकत, त्यावर चिखल लिंपत, आणि अळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत डोंगर हिरवा करीत. बुरूज कोसळला की कळे, पाया अरुंद होता. पाणी टाकले आणि तळे फुटले की कळे, उतार चुकला. माती कोणी वाहायची आणि मावळे कोणी मांडायचे यावरून भांडण होई, आणि ते मोठ्यांविना मिटे. उद्योग, भूगोल, इतिहास आणि सहकार ही चारही शास्त्रे एका ढिगाऱ्यात मावत होती आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य होता. आज डोंबिवलीच्या नव्या संकुलांत माती उरलेली नाही. आवारभर सिमेंटचे ठोकळे बसवलेले आहेत आणि ‘डाग पडतात’ म्हणून चिखलाला मनाई आहे. मग जांभळी नाक्यावरून माती गोणीने विकत येते, नाही तर प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्लाच येतो. मूल तो टेबलावर ठेवते. गड चढावा लागतो ही गोष्टच त्यातून गळून पडते.

ही हळहळ जुन्या काळाची आठवण काढण्यासाठी नाही. जुन्या काळी सारे गोमटे होते असे मानणारा समाजवादी नव्हेच. आवारातल्या त्या किल्ल्याला कोणाची मुले हात लावू शकत होती आणि कोणाची कुंपणापलीकडून पाहत होती, हेही आठवले पाहिजे. मुद्दा अर्थशास्त्राचा आहे. मुलाच्या हातातून निर्मिती काढून घेतली, तरी ती निर्मिती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाते. कापलेला कागद कोणी तरी कापलेला असतो. प्रश्न असा विचारला पाहिजे की तो हात कोणाचा?

त्याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांतून घरबसल्या कामाचा एक प्रचंड व्यवहार चालतो. राखीवर टिकली आणि मणी चिकटवणे, तोरणाच्या माळा ओवणे, पणत्या रंगवणे, मखराच्या कापडी फुलांची जुळणी, गजरे करणे. संक्रांत आली की हलव्याचे दागिने. हलवा करणे हे तर थंडीतले जिकिरीचे काम. मंद आचेवर परात ठेवून पाकाचे थेंब सोडीत तासन्‌तास हाताने हलवत राहिले तरच काटा येतो, आणि तो काटा येताना बोटे पोळतात. या कामाची मजुरी नगावर ठरते, ती ठेकेदार ठरवतो, आणि काम स्वयंपाक व पाणी भरणे यांच्या मधल्या वेळात होत असल्यामुळे त्याचे तास कोणी मोजत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून मालकासाठी माल तयार करणाऱ्यांसाठी, १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. नगावर मजुरी आणि हंगामाची घाई या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरातले प्रत्येक मोकळे बोट कामाला लागते. त्यांत आठ वर्षांचे बोटही असते.

आणि कायद्याने त्याला वाट करून दिली आहे. बालकामगारांविषयीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामावर ठेवू नये, हे तत्त्व तिने सर्व व्यवसायांना लागू केले, ही तिची जमेची बाजू. पण त्याच दुरुस्तीने एक दार उघडे ठेवले. शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीच्या काळात मुलाने आपल्या कुटुंबाला किंवा कौटुंबिक उद्योगाला मदत केली आणि तो उद्योग धोकादायक नसला, तर त्यात गुन्हा नाही. ‘सुट्टीच्या काळात’ या शब्दांवर थोडे थांबावे. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, एकाच वयाची दोन मुले कागदाला खळ लावीत असतात. एकाच्या खळ लावण्याला सर्जनशीलता म्हणतात आणि त्यासाठी बाप पैसे मोजतो. दुसऱ्याच्या खळ लावण्याला ‘आईला मदत’ म्हणतात आणि त्यातून घरी चार पैसे येतात. पहिल्याला वाटते, कंदील संचातून येतो. दुसऱ्याला पक्के ठाऊक असते, तो कोठून येतो. पण त्याचे हे ज्ञान शाळेत कोणी विचारत नाही, किंबहुना ते लपवण्यासारखे आहे असेच त्याला शाळेत कळते. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली, ती याच दुसऱ्या मुलांसाठी. सिग्नलवर गजरे आणि हंगामी वस्तू विकणारी मुले तिच्या वर्गात आली. सण सर्वांत जवळून पाहिलेली ही मुले. मोटारींच्या काचेबाहेरून.

या साऱ्याचा कळस म्हणजे ‘वारली पणती’. मातीच्या पणतीवर गेरू फासायचा आणि पांढऱ्या रंगाने दोन त्रिकोण जोडून माणूस काढायचा. ठाणे-डोंबिवलीतील बहुतेक शाळांत हा उपक्रम केव्हा ना केव्हा होऊन गेलेला आहे. वारली चित्र मुळात भिंतीवरचे, लग्नातले. तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते, आणि तो चौक लिहिल्याशिवाय लग्न पार पडत नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र कागदावर आणि जगापुढे नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. हे किती शाळांत सांगितले जाते? आणि त्याहून महत्त्वाचे, वारली नावाचा माणूस ठाणे शहराच्या हद्दीतच, येऊरच्या पाड्यांत राहतो, हे किती मुलांना माहीत असते? त्या माणसाच्या आजा-पणजाने १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध जमीनदारांशी आणि पोलिसांच्या गोळ्यांशी सामना केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास आहे. तिसरीतल्या मुलाला तो सारा सांगावा असे कोणी म्हणत नाही. परंतु ‘हे चित्र काढणारे लोक कोण, ते कोठे राहतात, त्यांच्यातले कोणी आपल्या शाळेत का नाही’ हा प्रश्न तिसरीतले मूल सहज विचारते, जर त्याला विचारू दिले तर. वारल्याची आकृती घ्यायची आणि वारली वगळायचा, ही वसाहतवाल्यांची जुनी रीत आहे. ते मसाला नेत, मसाला पिकवणारा तेथेच ठेवून.

याच मुलखात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात, नेमका उलटा प्रयोग होऊन गेला आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. माँटेसरी पद्धत त्यांना पुरी अवगत होती. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच साधने झाली. मूल ती आपल्या दारातून आणी, म्हणून साधन परके वाटत नसे. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर शाळा कुरणात गेली. कुरणशाळा हा शब्दच त्यातून मराठीला मिळाला. मुलाच्या आयुष्यात कामाचा जो भाग होता त्याकडे काणाडोळा न करता आणि त्याचे गोडवेही न गाता, त्याच्याभोवती शिक्षण रचण्याचा तो प्रयत्न होता. आजचा संच कोसबाडच्या बरोबर विरुद्ध टोकाला उभा आहे. कोसबाडला साहित्य फुकट होते आणि विचार महाग होता. येथे साहित्य महाग आहे.

येथवर बहुतेक कार्यकर्ते माना डोलावतील. पुढचे कदाचित त्यांच्या गळी उतरणार नाही.

समाजवादी आणि विवेकवादी कार्यकर्त्यांत एक मत खूप दृढ आहे: देवधर्माची ही भानगड शाळेत नकोच. सण शाळेत आला की पूजा आली, पूजा आली की पुजारी आला. या मताला घटनेचा आधार दिला जातो. राज्याच्या निधीतून पूर्णतः चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे अठ्ठाविसावे कलम सांगते, आणि महापालिकेच्या शाळेत सत्यनारायण घातला जात असेल तर त्याला या कलमाने विरोध केलाच पाहिजे. पण पूजा शिकवणे वेगळे आणि सण समजावून देणे वेगळे. १९७६ साली घटनेत जी मूलभूत कर्तव्ये आली, त्या ५१-अ कलमात संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणण्याचे कर्तव्य आहे आणि वैज्ञानिक दृष्टी जोपासण्याचेही आहे. दोन्ही एकाच यादीत आहेत. पुष्कळांनी दुसरे पाठ केले आणि पहिले विरोधकांसाठी सोडून दिले.

सोडून दिलेली जागा रिकामी राहत नाही. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली प्रथम डोंबिवलीत निघाली आणि तेथून ठाणे, गिरगाव अशी पसरली. तिच्या चित्ररथांवर शाळकरी मुले असतात. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर आणि मासुंदा तलावाच्या काठी सारे तरुण शहर उतरते. या गर्दीकडे डाव्या चळवळीने बाजूला उभे राहून नाक मुरडले आणि त्याला तत्त्वनिष्ठा असे नाव दिले. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे पहाटे उठून रांगोळ्या घातल्या, त्यांच्यावर नुसते रागावून काय होणार? ते काम करीत होते. याच चळवळीजवळ एके काळी राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते, सानेगुरुजींची आंतरभारतीची कल्पना होती. लोक गाण्याला येत आणि विचार घेऊन जात. सार्वजनिक उत्सवाचा अर्थ झगडून बदलता येतो, हे १९२६ साली दादरला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी सार्वजनिक नवरात्र सुरू करून दाखवले होते. गणेशोत्सवात अस्पृश्यांना मज्जाव का, या वादातून ते नवरात्र जन्मले.

आणि ठाणे जिल्ह्यात सणाचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली आणि आग ठाणे-कल्याण-मुंबईपर्यंत गेली. पुढे १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, एवढेच त्या समित्यांचे रहस्य. ती ओळख चाळिशीत करून देण्यापेक्षा सातव्या वर्षी करून द्यावी, यात पोलिसांचाही वेळ वाचतो.

ती ओळख कशी करून द्यावी? आजची रीत अशी: एका मुलाच्या डोक्यावर फेटा, दुसऱ्याच्या जाळीची टोपी, तिसऱ्याच्या गळ्यात क्रूस, चौथीला नऊवारी आणि हातात प्लास्टिकचा मासा, गाणे संपले की एकात्मता संपली. टोपी घातलेला मुलगा बहुधा मुसलमान नसतो आणि मासा धरलेली मुलगी चेंदणी कोळीवाड्यातली नसते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ का वाहतात, त्या दिवसाआधी होड्या किनाऱ्याला का असतात, मासे विणीच्या काळात पकडले तर काय होते, हे सांगायला त्याच कोळीवाड्यातली एखादी आजी शाळेत सहज आली असती. तिला कोणी बोलावत नाही. वेष मात्र भाड्याने येतो.

खरे पाहता हा परिसर म्हणजे सणांचे एक अपूर्व पाठ्यपुस्तक आहे. अश्विन वद्य द्वादशीला डोंबिवलीच्या घरांत वसुबारस असते, सवत्स गाईची पूजा होते. त्याच दिवशी शहापूर, जव्हारकडच्या आदिवासी पाड्यांत वाघबारस असते. तेथे वाघोबाला नैवेद्य जातो. एकाच तिथीला एक जण गाईला नमस्कार करतो आणि दुसरा गाय खाणाऱ्याला, हे ऐकल्यावर कोणते मूल ‘का?’ असे विचारल्याशिवाय राहील? उत्तर पोथीत नाही, गुराख्याच्या दिनक्रमात आहे. ज्याचे गुरू रानात चरते त्याला वाघाशी सलोखा ठेवावाच लागतो. मातीची एक गाय आणि एक वाघ केला, दोन्ही एका पाटावर मांडले, की तिसरीच्या वर्गाला अर्थव्यवस्था समजली.

पणतीचेही तसेच. पणतीत तेल लागते. कोकणच्या गावांतून तेल गाळणाऱ्यांत बेने इस्राएली होते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचे ‘शार हाशमाईम’ हे सभागृह ठाण्यात १८७९ पासून उभे आहे. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचा मलिदा ते एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतात. वर्गात चूल न पेटवता करता येईल असा हा पदार्थ आहे, आणि ज्यू लोक केवळ दूरदेशीच्या बातम्यांत राहतात असे मानणाऱ्या मुलांना तो बरेच काही शिकवील. गुढी उतरली की दुसऱ्या दिवशी, कल्याणपासून दोन स्थानके पुढे उल्हासनगरला, सिंधी घरांत चेटीचंड असते. कणकेचा दिवा लावून बहराणा पाण्याकडे नेतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या निर्वासितांचे हे गाव. कणकेचा दिवा वळणे हीदेखील हस्तकलाच आहे, आणि त्याला संच लागत नाही. ठाणे महापालिकेच्या उर्दू शाळा मुंब्र्यात आहेत, मराठी शाळा कळव्यात आहेत, मध्ये एक स्थानकाचे अंतर. ईदला शीरखुर्म्याचे निमंत्रण आणि दिवाळीला कंदिलाचे, एवढी देवाणघेवाण दोन शाळांच्या मुख्याध्यापकांनी एका पत्राने करावी. त्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

संक्रांतीचे शाळेतले हळदीकुंकू हा मात्र वेगळा विषय आहे आणि तेथे मुलाहिजा नको. आया बोलावल्या जातात, आणि त्यांतल्या विधवा मागे राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो कित्ता साऱ्या राज्यापुढे ठेवला. जे एका ग्रामपंचायतीला जमले ते सुशिक्षित डोंबिवलीला जमू नये? तिळगूळ सर्वांना द्यावा, कुंकू कोणालाच नको. हेही सणाचेच शिक्षण आहे: सण बदलता येतो, हे मुलाला दिसले पाहिजे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. तो विवेकवाद्यांचा नाही, फुले-आंबेडकरी कार्यकर्त्यांचा आहे आणि त्यास उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हस्तव्यवसायाचे कौतुक ही उच्चवर्णीयांची चैन आहे, असे ते म्हणतात. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या माती आणि चामडे हाताळले, त्यांनी मुलांना शाळेत घातले ते त्यातून सुटण्यासाठी. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या मूलोद्योगी शिक्षणाची योजना आली; प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत तिची टकळी झाली, नुसती फिरणारी. १९५३ साली मद्रासला राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा पेरियारांनी तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून झोडपले आणि १९५४ मध्ये कामराजांनी ती मागे घेतली. ते योग्यच झाले. कुंभाराच्या मुलाला चाक आणि वकिलाच्या मुलाला पुस्तक, अशी विभागणी जी योजना करील ती गाडलीच पाहिजे.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष नेमका कोणता? जातीने काम वाटले, तसाच कामाचा मानही जातीने वाटला. कुंभाराच्या मुलाचे हात मातीतून बाहेर काढणे हे अर्धे काम झाले. वकिलाच्या मुलाचे हात मातीत घालणे हे उरलेले अर्धे. दुसरे न करता पहिले करू पाहिले म्हणून आज असे झाले आहे की कुंभाराच्या शिकलेल्या मुलाला बापाच्या चाकाची लाज वाटते आणि वकिलाच्या मुलाला पणती यंत्रातून निघते असे वाटते. कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये कार्यानुभव सुचवला, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ साली समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले. दोन्ही ठिकाणी ‘सर्व मुलांनी’ हा शब्द होता, आणि दोन्ही वेळा तो गुणपत्रिकेच्या एका रकान्यात जाऊन निजला. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाण्याचे दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत, तेही सहावी ते आठवीसाठी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक आहेत. तेही सहावीपासून पुढे, शंभरांवर पट असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांना हात असतात, हे शासनाच्या अजून ध्यानात यायचे आहे.

तेव्हा शासनाची वाट न पाहता काय करता येईल, याचे उत्तर कायद्यातच आहे. कलम २१ प्रमाणे महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. या समित्या बहुतेक ठिकाणी सह्यांपुरत्या उरल्या आहेत, कारण कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला तेथे जाऊन बसावेसे वाटत नाही. वस्तीतल्या राखी करणाऱ्या, हलवा करणाऱ्या, गजरे करणाऱ्या बाईला एक दिवस शिक्षिका म्हणून वर्गात बोलवावे, असा ठराव तेथे होऊ शकतो. तिचे नाव फळ्यावर लिहावे, आणि तिला त्या दिवसाची रोख मजुरी द्यावी. शाल-श्रीफळावर बोळवण करू नये. तिने मुलांना राखी शिकवावी आणि एका राखीला तिला किती पैसे मिळतात व दुकानात ती कितीला विकली जाते, तेही फळ्यावर मांडावे. वजाबाकीचे असे गणित पाठ्यपुस्तकात सापडत नाही. साहित्य रद्दीचे आणि मातीचे असावे. राज्यात मार्च २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहेच, त्यामुळे त्या बाबतीत पालकांची समजूत घालण्याचे कष्ट नाहीत.

एका गोष्टीत मात्र पंचांग पाहावे लागेल. कल्याण, भिवंडी आणि शहापूर तालुक्यांतील वीटभट्ट्या दिवाळी झाली की पेटू लागतात. पावसाळ्यातल्या बेकारीत आणि सणासुदीला घेतलेली उचल फेडण्यासाठी कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशीच परततात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, तरी. शहरी मुलाची दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा या मुलांची शाळा संपते. वसईकडे विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्यामुळे काही मुले तरी पाटीला धरून राहिली; तशी शाळा जेथे नाही तेथे ती काढावी, आणि तिचे पहिले साहित्य म्हणजे भट्टीवरची माती, जिचा मुलांना नको तितका परिचय आहे. व्यवस्थापन समितीची सभा या सर्वांसाठी दिवाळीपूर्वीच घ्यावी. भाऊबीजेनंतर घेतली तर कातकरी पालकांपैकी कोणीही तिला हजर असणार नाही.